निकालपत्र वाचताना: देसाईगंजच्या मुलीचं आदिवासी असणं कुठे गेलं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की न्यायालयाचा निकाल म्हणजे सगळ्यात भरवशाचं साधन. तारखा असतात, साक्षी असतात, निष्कर्ष असतो. पण निकालपत्रात काय आहे याइतकंच त्यात काय नाही हेही तपासावं लागतं. ते कसं करायचं, हे आज एका प्रकरणावरून पाहू.

'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा सर्वोच्च न्यायालयाचा १५ सप्टेंबर १९७८ चा निकाल. स्त्री-चळवळीत हे प्रकरण पीडित मुलीच्या नावानं ओळखलं जातं. ते नाव मी इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख छापण्यावर बंदी घालणारं कलम १९८३ मध्ये आलं, ते याच प्रकरणानंतरच्या कायदेबदलात.

आधी घटनाक्रम बघा. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसानं बलात्कार केला, अशी ही तक्रार. भावानंच तिला पळवून नेल्याची फिर्याद दिली होती, म्हणून ती ठाण्यात आली होती. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर जायला सांगून तिला आत थांबवून घेतलं. १ जून १९७४ ला सत्र न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवून एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही पुन्हा सोडलं.

आता तिन्ही न्यायालयांची भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचा. सत्र न्यायालयानं मुलीला खोटारडी ठरवलं आणि तिला शरीरसंबंधांची सवय होती, या मुद्द्यावर भर दिला. उच्च न्यायालयानं वेगळा प्रश्न विचारला: ठाण्यात रात्री, अनोळखी पोलिसांसमोर मुकाट्यानं शरण जाणं म्हणजे संमती का? त्यांचं उत्तर होतं, नाही. सर्वोच्च न्यायालय पुन्हा अंगावरच्या खुणांकडे वळलं. जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही, म्हणजे भीतीपोटी शरण गेली हे सिद्ध होत नाही. पुरावा तोच असूनही निष्कर्ष बदलत गेला, कारण प्रत्येक न्यायालयानं विचारलेला प्रश्न वेगळा होता. म्हणून टिपणं काढताना निष्कर्षासोबत 'न्यायालयानं नेमकं काय विचारलं' हा रकाना ठेवाच.

आता जे नाही त्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या सुरुवातीला तिचा परिचय येतो. आईवडील लहानपणी वारले, भावाकडे राहते, दोघं मजुरी करतात. बस्स. ती आदिवासी आहे हे त्या परिचयात येत नाही. 'मग काय झालं, बलात्कार तो बलात्कारच,' असं कुणी म्हणेल. पण तिच्या वयाचा मुद्दा पाहा. डॉक्टरांनी तपासणीवरून वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असल्याचा अंदाज दिला होता. तेव्हाच्या कायद्यानुसार मुलगी सोळा वर्षांखालची असेल, तर संमतीचा प्रश्नच उरत नव्हता. म्हणजे वय सिद्ध झालं असतं, तर जखमा, आरडाओरडा, पूर्वीचे संबंध ही सगळी चर्चा गैरलागू ठरली असती. सत्र न्यायालयानं म्हटलं, ती सोळाच्या आत होती याचा समाधानकारक पुरावा नाही.

इथे जरा थांबा. कायद्यातलं सर्वात भक्कम संरक्षण तिच्या हातून निसटलं ते वयाच्या पुराव्यावर. असा पुरावा सहज कुणाकडे असतो? ज्याच्या घरात जन्माचा दाखला आहे, शाळेचा दाखला आहे, त्याच्याकडे. पोरक्या, मजुरी करणाऱ्या, जंगलपट्ट्यातल्या मुलीकडे त्या काळी असे कागद असण्याची शक्यता किती? आदिवासी असणं निकालपत्रात शब्दानं आलं नाही, तरी त्याचा परिणाम निकालावर झाला, असं मला वाटतं. हे माझं अर्थनिर्णयन आहे, निकालपत्रातलं विधान नाही. प्रबंधात या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या लिहा.

पुढचा इतिहास बऱ्याच जणांना माहीत असतो. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्चला मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीनं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, ही तरतूद आली. हे मोठंच यश होतं. पण या कायद्यानं दखल घेतली ती 'कोठडीतली स्त्री' या ओळखीची. 'आदिवासी स्त्री' ही ओळख त्यात नव्हती. ती पुढे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आली, आणि तिथेही गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' झाला हे सिद्ध करायची अट होती. त्या अटीवर खटले अडत. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं ती सैल केली. पीडित त्या समाजाची आहे हे आरोपीला माहीत असणं आता पुरतं.

म्हणून आदिवासी स्त्रियांवरच्या हिंसेवर काम करायचं असेल, तर फक्त 'आदिवासी' हा शब्द शोधून भागणार नाही. ती फाईल 'मजूर', 'अनाथ', 'पळून गेलेली मुलगी' अशा नोंदींखाली सापडेल. जिल्हाही तपासा. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला, त्याआधीची देसाईगंजची कागदपत्रं चंद्रपूरच्या नावावर आहेत. आणि भाषा पाहा. निकालपत्र इंग्रजीत आहे. त्या मुलीचं बोलणं आपल्यापर्यंत पोहोचतं ते भाषांतर होऊन, न्यायाधीशांच्या सारांशातून. तिचा स्वतःचा आवाज समजून ते वाक्य उद्धृत करू नका.

एक काम करून बघा. तुमच्या विषयातलं एक निकालपत्र घ्या आणि पीडितेचा परिचय देणारा परिच्छेद हातानं उतरवून काढा. तिच्याबद्दल काय सांगितलंय, काय गाळलंय, आणि गाळलेलं पुढे कुठल्या मुद्द्यावर तिच्या विरोधात गेलं, हे त्याखाली लिहा. शोधप्रश्न तिथूनच सुरू होतो.