उसन्या मज्जेची कुळकथा

जुन्नर-आंबेगावच्या घरात कुणाला ब्लड कॅन्सर निघाला की दोनच वाटा असतात. एक मंचर, राजगुरुनगरवरून पुण्याला जाते. दुसरी माळशेज घाट उतरून कल्याणला आणि तिथून लोकलनं मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला. केमोच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की एखाद दिवशी डॉक्टर म्हणतात, ‘‘पुढे बोन मॅरो करावं लागेल, भावंडं किती आहेत?’’ घरच्यांना वाटतं, हाडाचं मोठं ऑपरेशन असणार. पण या मज्जा-प्रत्यारोपणात चिरफाड नसतेच. रोग्याची बिघडलेली मज्जा जबर औषधांनी किंवा किरणांनी मारतात आणि दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या बाटलीसारख्या शिरेतून चढवतात. त्या आपली वाट शोधत हाडांच्या पोकळीत जाऊन बसतात. दोन-तीन आठवड्यांत नवं रक्त तयार होऊ लागतं.

नारायणगावच्या द्राक्षबागायतदाराला यातलं मर्म चटकन कळेल. तो डॉगरिजच्या खुंटावर हव्या त्या वाणाचं कलम भरतो. इथे मात्र खुंटच बदलायचा असतो. आणि द्राक्षाचं कलम एकदा जगलं की गुमान वाढतं. माणसातलं कलम उलटून झाडावरही चालून येऊ शकतं, म्हणजे दात्याच्या पेशी रोग्याच्याच शरीरावर हल्ला करू शकतात. उपचाराचा सगळा इतिहास या उलटून येण्याभोवती फिरतो.

सुरुवात अणुबॉम्बच्या सावलीत झाली. किरणोत्साराने माणसं मरतात ती बरीचशी मज्जा जळाल्यामुळे, हे दुसऱ्या महायुद्धानंतर उमगलं. किरण दिलेल्या उंदरांना दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचली तर ते जगतात, हे 1951 पर्यंत दिसून आलं. मग डॉ. डोनल थॉमस यांनी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहानशा गावी हेच माणसांवर करून पाहिलं. 1957 साली त्यांनी सहा रोग्यांची हकीकत छापली. दोघांतच परकी मज्जा थोडे दिवस धरली आणि शंभर दिवसांपलीकडे कुणीच जगलं नाही. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियातल्या विंचा अणुभट्टीत अपघात झाला. तिथल्या पाच जणांना पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी मज्जा दिली आणि चौघे वाचले.

या कुळकथेतला सर्वांत बोलका प्रसंग मला 1959 चा वाटतो. थॉमस यांनी ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या दोन रोग्यांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. जुळं म्हणजे शंभर टक्के मॅच. मज्जा झकास धरली, पण काही महिन्यांत कॅन्सर परतला. तेव्हा बहुतेकांची समजूत अशी होती की कॅन्सर मारतात ते किरण, आणि मज्जा फक्त मागची नासधूस भरून काढते. त्या समजुतीनं पाहिलं तर जुळ्याची मज्जा सर्वांत उत्तम ठरायला हवी होती.

ती तशी का ठरली नाही, हे पुरतं कळायला तीस वर्षं लागली. त्याच सुमारास ज्यां दोसे यांनी पॅरिसमध्ये पेशींवरची एचएलए ही ओळखखूण शोधली, त्यामुळे पुढे भावंडांतलं कोण जुळतं ते सांगता येऊ लागलं. प्रत्येक सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. थॉमस सिॲटलला गेले. 1977 साली त्यांनी सगळे उपाय थकलेल्या शंभर रोग्यांचा हिशेब मांडला, त्यांतले तेरा कॅन्सरमुक्त जगत होते. तेरा हा आकडा छोटा दिसेल. पण ते शंभरही जण मरणाच्या दारातले होते. आणि 1990 मध्ये दोन हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदींनी उलगडा केला: जुळ्याची मज्जा घेणाऱ्यांत कॅन्सर जास्त परततो, आणि दात्याच्या पेशी ज्यांच्या अंगावर थोड्या उलटल्या, त्यांच्यात तो सर्वांत कमी परततो. म्हणजे दात्याच्या रोगप्रतिकारक सैनिकपेशीच उरलासुरला कॅन्सर हुडकून मारत होत्या. डागडुजी म्हणून जे आणलं, तेच खरं औषध निघालं. थॉमस यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं.

भारतात हा उपचार आला तो परळला. डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला, सारं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. ते सिॲटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले आणि 20 मार्च 1983 रोजी टाटा मेमोरियलमध्ये त्यांच्या चमूनं देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. रोगी ल्युकेमियाची नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा सख्खा भाऊ. अशा बहिणीच्या रक्तात पुढे जन्मभर भावाची गुणसूत्रं वाहतात, रक्तगटही त्याचाच होतो. जंतुसंसर्गानं माणूस दगावण्याची भीती पावलोपावली असताना आपल्या सार्वजनिक रुग्णालयात हे धाडस केलं गेलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्या काळी जुन्नरच्या घरात पाच-सहा भावंडं सहज असायची. आता एक किंवा दोन. त्यामुळे चारात एक हा हिशेब पुष्कळ घरांत फसतो. यावर वाट काढली बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे जुनंच औषध दिलं की उलटणाऱ्या पेशी आटोक्यात राहतात, आणि अर्धी जुळणी असलेले आई, बाप, मुलगासुद्धा दाता होऊ शकतात. दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढायची गरजही आता बहुतेकदा नसते. चार-पाच दिवस इंजेक्शनं घ्यायची, मग यंत्र काही तासांत त्याच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या करतं.

घोडेगाव, ओतूर, मंचरकडच्या घरांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. प्लेटलेट्स पडल्या, रक्त हवं असं कळलं की सर्वांत आधी सख्खा भाऊ बाही वर करून उभा राहतो, आई-बाप उभे राहतात. त्यांची माया खरी. पण पुढे प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर जवळच्या नातलगांचं रक्त चढवू नये असं डॉक्टर सांगतात. रोग्याचं शरीर त्या पेशींना आधीच शत्रू म्हणून ओळखून ठेवू शकतं आणि मग त्यांचीच मज्जा नाकारतं. रक्त मित्रांनी द्यावं, तरुण मंडळाच्या पोरांनी, शेजाऱ्यांनी द्यावं. आणि भावंडांची एचएलए तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना पहिल्या केमोच्या वेळीच विचारून घ्यावं.