बारगीर आणि बर्गी

लष्करी इतिहासाची साधने म्हणजे केवळ बखरी, पत्रव्यवहार व तहनामे नव्हेत. सैन्याबरोबर परप्रांतात गेलेले शब्दही त्या इतिहासाची साक्ष देतात. मराठीतील ‘बारगीर’ व बंगालीतील ‘बर्गी’ हे शब्दयुग्म या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

‘बारगीर’ हा शब्द मूळचा फारसी. ‘बार’ म्हणजे ओझे व ‘गीर’ म्हणजे घेणारा; फारसीत तो ओझे वाहणाऱ्या घोड्यास लावीत. मराठीत मात्र तो घोड्यावरून स्वारावर आला. सरकारी पागेतील अथवा सरदाराच्या घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर. स्वतःचे घोडे व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. हा भेद पराक्रमाचा नसून मालकीचा होता. रणात घोडे पडले तर शिलेदाराचे भांडवल बुडे. बारगिराचे तसे होत नसे.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या कारकिर्दीत जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत या व्यवस्थेचे वर्णन आढळते. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ही चढती श्रेणी होती. प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. मोहिमेत मिळालेली लूट सरकारात जमा करावी, असा दंडक होता. तात्पर्य, शिवकालात ‘बारगीर’ हे शिस्तबद्ध, पगारी स्वाराचे नाव होते.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी बंगालवर चालून गेले. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांना वाटाघाटीच्या मिषाने मनकरा येथे बोलावून ठार केले; तथापि स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने बंगालची सालीना १२ लक्ष रुपये चौथाई भोसल्यांस मान्य झाली, तेव्हाच त्या संपल्या. तोवर पश्चिम बंगालातील गावे जाळपोळ व लुटीने उद्ध्वस्त झाली होती. कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणण्यास आरंभ केला. तो ‘मराठा खंदक’ म्हणून प्रसिद्धीस आला. पुढे तो बुजवून तेथे सर्क्युलर रोड बांधण्यात आला.

या स्वारांना बंगाली रयतेने ‘बर्गी’ म्हटले. घोडे कोणाचे, हा प्रश्न छावणीत महत्त्वाचा होता. ज्याचे घर जळत होते त्याला तो पडण्याचे कारण नव्हते. त्यामुळे मराठीतील बारगीर–शिलेदार हा भेद बंगालीत लोपला आणि एका वर्गाचे नाव सर्वांस लागू झाले. भाषाशास्त्रात यास अर्थविस्तार म्हणतात; परंतु येथे अर्थाबरोबर भावही पालटला. गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या समकालीन बंगाली काव्यात हा शब्द अत्याचारांच्या वर्णनात येतो, आणि मुलांना निजविण्याच्या बंगाली गीतात तो भयाचे प्रतीक म्हणून आजही टिकून आहे.

मराठी कागदपत्रांत बंगालची मोहीम मुख्यतः हक्क, खंडणी व तह यांच्या परिभाषेत नोंदली गेली. त्या परिभाषेत रयतेचा अनुभव उमटत नाही. तो ‘बर्गी’ या शब्दात उमटला आहे. म्हणून या मोहिमांचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही भाषांची साक्ष काढणे अगत्याचे आहे. बारगीर कोणाच्या घोड्यावर बसला हे मराठी सांगते. तो कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला, हे बंगालीच सांगू शकते.