अंगणातली पिंपे

रिक्षाच्या मागे चिकटवतात त्या चमकणाऱ्या पट्टीला आपण ‘रेडियम’ म्हणतो. त्यात रेडियम नसते, फक्त नाव उरले आहे. पण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी १९१७ पासून खरे रेडियम वापरून घड्याळांच्या तबकड्या रंगवल्या जात. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरणाऱ्या पोरींचे जबडे सडले, कित्येक मेल्या. ही हकिगत अनेकांनी वाचली असेल. तिथल्या मातीची हकिगत मात्र फारशी कुणाला ठाऊक नसते.

खनिजातून रेडियम काढल्यावर उरलेला वाळूसारखा चोथा त्या भागात भराव म्हणून पसरला गेला. त्यावर माँटक्लेअर, ग्लेन रिज, वेस्ट ऑरेंज या उपनगरांत टुमदार घरे उभी राहिली. त्या मातीतल्या रेडियमपासून रेडॉन हा वायू होतो. त्याला ना रंग ना वास. जमिनीच्या भेगांतून तो तळघरात शिरतो, कोंडून राहतो आणि वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिला तर फुफ्फुसाचा कर्करोग देतो. १९८३ मध्ये हे उघड झाले. १९८५ मध्ये सरकारने काही घरांभोवतीची माती खणून पिंपांत भरली, पण ती माती घ्यायला नेवाडा राज्याने नकार दिला. मग हजारो पिंपे लोकांच्या अंगणातच पडून राहिली.

१९८६ मध्ये सरकारने ही माती स्वच्छ मातीत मिसळून त्याच राज्यातल्या व्हर्नन या डोंगराळ गावातल्या खाणीत टाकायचे ठरवले. गाव पेटून उठले. हजारो माणसे रस्त्यावर आली आणि सरकारला बेत सोडावा लागला. श्रीमंत उपनगराची घाण आमच्या दारात का, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मीही त्यांच्यात उभा राहिलो असतो.

पण व्हर्ननच्या पायाखाली ‘रेडिंग प्राँग’ नावाचा खडकपट्टा आहे. त्यात निसर्गतःच युरेनियम आहे, म्हणजे तिथल्या घरांत रेडॉन आधीपासून येत असणार. सरकार म्हणत होते, घर तपासून घ्या. खर्चही थोडाच होता. तरी राज्यातले बहुतेक लोक हलले नाहीत. मोर्चा कुणावर काढणार? खडकाला ना मालक असतो ना मंत्री. अस्तनीतला निखारा म्हणावे, तर त्याच्या मनात कपटही नाही.

याच खडकपट्ट्यावर, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात, स्टॅन्ली वॉट्रस यांचे घर होते. ते लिमरिकच्या अणुवीज केंद्रात इंजिनिअर होते. डिसेंबर १९८४ मध्ये तिथली किरणोत्सार मोजणारी यंत्रे त्यांना पाहून वाजू लागली. केंद्र अजून सुरूही झाले नव्हते! एके दिवशी ते आत शिरतानाच यंत्रातून गेले, तेव्हाही घंटा वाजली. म्हणजे किरणोत्सार ते घरूनच घेऊन येत होते. मोजणी झाली तेव्हा घरातल्या दर लिटर हवेत सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. अमेरिकेत उपाय करायची पातळी ४ आहे. हे त्याच्या पावणेसातशे पट झाले.

कुटुंबाने घर सोडले. पुढचे काही महिने जमिनीच्या भेगा बुजवणे, फरशीखाली नळ्या घालून पंख्याने वायू बाहेर काढणे असे काम चालले. आकडा ४ च्या खाली आला, तेव्हा ते सगळे त्याच घरात परत राहायला गेले.