बाटलीतलं पाणी आणि ४३,३८१ तळी

परवा दिवाळीला भंडाऱ्याला मावशीकडे गेलो होतो. घरच्या मंडळींना तिचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येईलच. खिडकीत लोणच्याच्या बरण्या, त्यांच्या शेजारी देवाच्या वातींचा डबा. यावेळी त्या ओळीत प्लॅस्टिकची एक पाण्याची बाटली उभी होती. लेबल काढलेलं, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेली तारीख. पाणी हिरवट आणि तळाशी काळसर गाळ.

"तिला हात लावू नको रे बाबा," मावशी म्हणाली. "तुझ्या भावाचा पुरावा आहे तो."

हा भाऊ म्हणजे माझा मावसभाऊ. एका दैनिकाचा वार्ताहर. पगार नाही, छापून येईल त्या बातमीचे थोडे पैसे आणि वर्षातून दोन-तीनदा जाहिराती जमवायचं टार्गेट. पोट चालतं ते विम्याच्या पॉलिशांवर. पण बातमीचं वेड लहानपणापासूनचं. आंभोऱ्यापासून गोसेखुर्दपर्यंत नदीकाठची गावं त्याला तोंडपाठ आहेत. तिथल्या ढिवर मंडळींनी त्याला सांगितलं की जाळ्यात पूर्वीसारखी मासोळी येत नाही, पाण्याला वास येतो. हा गेला, पाणी पाहिलं, बाटली भरून घरी आणली.

"भाऊ, पाणी हिरवं तं दिसूनच राहिलं," तो मला सांगत होता. "पण हिरवं म्हणजे काय झालं, हे मले कोण सांगन?"

त्याने खटपट केली. प्रयोगशाळेचे दर काढले. सगळ्या तपासण्या करायच्या तर खर्च त्याच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढा. पेपरला विचारलं तर तिथून उत्तर आलं की असं खातंच नाही. शेवटी 'नागरिकांत नाराजी' अशी चार ओळींची बातमी छापून आली. ठराविक उत्तर मिळालं, पुरावा काय? आणि पुरावा मावशीच्या खिडकीत.

मी म्हटलं, अरे एवढंच ना, मी देतो पैसे. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "तुझ्याकडून नको भाऊ. उद्या म्हणतीन, भावानं पैसे देऊन बातमी करवली."

खरं सांगतो, मला जरा रागच आला होता. पण परतीच्या बसमध्ये विचार करत होतो आणि वाटलं, प्रश्न त्याने बरोबर ओळखलाय. तपासाला पैसे लागतात. पण ते कोणाचे, यावर तपासाची किंमत ठरते. घरी येऊन थोडी जुनी पुस्तकं, थोडं इकडचं तिकडचं वाचलं. त्यातलं काही इथे मांडतोय.

सुरुवात आमच्याच जिल्ह्यापासून करू. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा, हे शाळेत घोकलेलं वाक्य. पण किती तलाव? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १९९७ साली 'डाइंग विज्डम' नावाचं जाडजूड पुस्तक काढलं. देशभरातल्या पाणी साठवण्याच्या जुन्या पद्धतींची ती नोंद आहे. त्यात भंडारा जिल्ह्यातल्या कोहळी समाजाने अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेल्या तळ्यांचा आकडा दिलाय, ४३,३८१. (गोंदिया वेगळा झाला १९९९ मध्ये, म्हणजे हा हिशेब जुन्या अखंड जिल्ह्याचा.) मोठे तलाव, लहान तळी, शेतातल्या बोड्या, सगळं त्यात आलं. 'हजारो तलाव' म्हणणं सोपं असतं. शेवटचा एक्क्याऐंशी लिहायला कोणीतरी बसून मोजावं लागतं.

हे पुस्तक काढणाऱ्या संस्थेची गोष्टही आमच्या भावाच्या बाटलीशी जोडलेली आहे. संस्थापक अनिल अग्रवाल आयआयटी कानपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी धरली ती मात्र वर्तमानपत्रात. १९७३ साली ते हिंदुस्तान टाइम्समध्ये विज्ञान वार्ताहर झाले, चिपको आंदोलनावर लिहिलं आणि १९८० साली ही संस्था काढली. १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणाचा पहिला 'नागरिकांचा अहवाल' आला. त्यात पत्रकार, शास्त्रज्ञ आणि गावपातळीवर काम करणारे लोक एकत्र होते. प्रश्न विचारायचा पत्रकाराने आणि मोजायचं शास्त्रज्ञाने, ही जोडी आपल्याकडे अशी चाळीसेक वर्षांपूर्वीच जमली होती.

पुढे २००० साली संस्थेने स्वतःची प्रयोगशाळाच उभारली. २००३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं की बाजारातल्या शीतपेयांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले. केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, अध्यक्ष शरद पवार. २००४ च्या फेब्रुवारीत समितीचा अहवाल आला, आणि कीटकनाशकांचे अंश असल्याचा संस्थेचा निष्कर्ष बरोबर असल्याचं त्यात म्हटलं होतं. नुसती बातमी असती तर दोन दिवसांत विरली असती. नुसता प्रयोगशाळेचा अहवाल असता तर कपाटात राहिला असता.

आता पैशाकडे येतो. 'अनुदान' हा शब्द कचेरीतला वाटतो, पण गोष्ट आमच्याकडे फार जुनी आहे. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन मिळायची. त्याला तुकूम म्हणत. आजही चंद्रपुरात तुकूम नावाची वस्ती आहे. नवेगावचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला. आसपासच्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात आणि त्या सात देवींनी कोलूला मदत केली अशी कथा आहे. एकट्या माणसाचं हे काम नव्हे, हे लोकांनाही ठाऊक होतं म्हणायचं! १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे ग्रंथ काढले त्यात कोहळ्यांच्या तलाव बांधण्याच्या कसबाची नोंद आहे. ते काम सरकारी खर्चाने झालं. इंग्रज सरकारला सारा वसूल करायला माहिती हवी होती, म्हणून पैसे मिळाले. त्यामुळे ती माहिती खोटी ठरत नाही. पण रयतेने तेव्हा काय विचारलं असतं, ते त्यात शोधून सापडत नाही.

पुढे १९५१ मध्ये मालगुजारी गेली (तेव्हा भंडारा मध्य प्रदेशात होता), तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव. आजोबा म्हणायचे, मामा झाल्यापासून कोणी गाळ काढायला येईना. तलाव सर्वांचे झाले की त्यांची काळजी कोणाचीच राहत नाही. माहितीचंही तसंच होत असावं.

जरा दूरचं पाहू. अमेरिकेत १९६९ साली फिलिप स्टर्न या गृहस्थांनी शोधपत्रकारितेसाठी एक छोटा निधी सुरू केला. त्यातून सीमोर हर्श नावाच्या मोकळ्या पत्रकाराला आधी २५० आणि नंतर २,००० डॉलर मिळाले. तेवढ्यावर त्याने व्हिएतनाममधल्या माय लाय गावच्या हत्याकांडाची बातमी बाहेर काढली. प्रवासाचे आणि फोनचे पैसे, बस्स.

दुसरं उदाहरण तर थेट पाण्याचंच. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने २०१४ च्या एप्रिलमध्ये पैसे वाचवायला नळाचं पाणी नदीतून घ्यायला सुरुवात केली. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात आणि अधिकारी सांगत की पाणी सुरक्षित आहे. कर्ट गायेट हा पत्रकार तेव्हा एका नागरी हक्क संघटनेत काम करत होता. त्याच्या पगाराचे पैसे फोर्ड फाउंडेशनच्या अनुदानातून येत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे मार्क एडवर्ड्स यांचा गट त्याला आणि तिथल्या रहिवाशांना येऊन मिळाला. नमुना कसा घ्यायचा हे लोकांना शिकवलं, घराघरांतून बाटल्या गोळा झाल्या. शास्त्रज्ञांना सरकारी विज्ञान निधीतून तातडीची मदत मिळाली आणि स्वतःचेही पैसे घालावे लागले. पाण्यात शिसं निघालं. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये शहराला जुन्या पाण्यावर परत जावं लागलं. तिथेही सुरुवात बाटलीनेच झाली होती हो! फक्त ती बाटली खिडकीत राहिली नाही.

आपल्याकडे असं काहीच नव्हतं असं नाही. पी. साईनाथ यांनी १९९३ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाची फेलोशिप घेतली आणि देशातले सर्वात गरीब जिल्हे पायाखाली घातले. त्यातून आलेलं पुस्तक मराठीत 'दुष्काळ आवडे सर्वांना' म्हणून आपण वाचलंय. पण अशा फेलोशिपा मोजक्या. बाहेरून घ्यावे म्हटलं तर कायदा आडवा येतो. परदेशी देणग्यांचा कायदा आणीबाणीत, १९७६ साली झाला आणि २०१० मध्ये नव्याने आला. दोन्हींत नोंदणीकृत वृत्तपत्राच्या बातमीदाराला परदेशी देणगी घ्यायला बंदी आहे. परक्याच्या पैशाने आपल्या बातम्या ठरू नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो वाईट म्हणता येत नाही. पण मग आपल्याच पैशाची सोय हवी ना? २०१५ मध्ये काही भारतीय दानशूरांनी स्वतंत्र पत्रकारितेसाठी बेंगळुरूला एक फाउंडेशन काढलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिथे आयकर खात्याची माणसं पोचली. अशा बातम्या वाचल्यावर भंडाऱ्याच्या एखाद्या तांदूळ व्यापाऱ्याला वार्ताहराच्या तपासाला पैसे द्यावेसे वाटतील का, तुम्हीच सांगा.

असो. पुन्हा बाटलीकडे येतो. कॉलेजातले माझे रसायनशास्त्राचे सर आता निवृत्त आहेत. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते आधी हसले. "अरे, ती बाटली झाडाला घाल," म्हणाले. मग नीट समजावलं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर तो नदीवरच औषध घालून बांधून ठेवावा लागतो. सेंद्रिय घाण किती हे सांगणारी बीओडीची चाचणी आपल्या मानकाप्रमाणे २७ अंशांवर ३ दिवस चालते, आणि त्यासाठी नमुना बर्फात ठेवून एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचायला लागतो. शिवाय एका बाटलीने काहीच सिद्ध होत नाही. नाग नदी कन्हानला मिळते त्याच्या वर एक, खाली एक, आंभोऱ्याला एक, धरणाच्या फुगवट्यात दोन-तीन. तेही उन्हाळ्यात वेगळे, पावसाळ्यात वेगळे. "बातमीदाराला हे माहीत नसतं आणि आम्हाला कुठे जायचं ते माहीत नसतं," सर म्हणाले. "आमच्या प्रकल्पाच्या अर्जात बातमीदाराच्या मोटरसायकलच्या पेट्रोलचा रकाना नसतो बघ."

आणि भावाच्या मानधनात बर्फाच्या डब्याचा रकाना नसतो. एवढ्या दोन रकान्यांसाठी सगळं अडलंय.

गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली तेव्हा खर्च होता ३७२ कोटी. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि आकडा पुढे हजारो कोटींत गेला. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला येतं, हे आता सरकारही मान्य करतं. नाग नदी स्वच्छ करायला दोन हजार कोटींहून मोठी योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८ पासून नागपुरातच आहे. धरणाला पैसा आहे, सफाईलाही आहे. पाणी खरंच सुधारलं का हे गावाच्या बाजूने वर्षभर पाहत राहणाऱ्या दोन माणसांना मात्र नाही.

मला सुचतं ते असं. जिल्ह्यापुरता एक लहान निधी असावा. कुणा एकाचा नको, अनेकांच्या थोड्या थोड्या पैशांचा, आणि सगळा हिशेब उघडा. अर्ज वार्ताहराने आणि शास्त्रज्ञाने मिळून करायचा. देणाऱ्याने छापण्याआधी मजकूर मागायचा नाही. आणि सर्वात अवघड अट म्हणजे पाणी चांगलं निघालं तर तेही तितक्याच ठळकपणे छापायचं. ही अट मी भावाला फोनवर सांगितली तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, चांगलं निघालं तं मी पेढे वाटीन. माही मायच तं तेच पाणी पिते."

यात माझे पाचशे रुपये असले तर चालतील का, असं विचारलं. शंभर लोकांचे असतील तर तुझेही चालतील, म्हणाला.

ता. क. ती बाटली मावशीने जास्वंदीला घातली. चिकटपट्टी मात्र अजून खिडकीच्या गजाला चिकटलेली आहे, तारखेसकट. आणि भावाने बर्फाचा डबा आणलाय, शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडून उसना. मंडळी, तुमच्या ओळखीत पाण्याचं काम करणारं कोणी असेल तर जरूर कळवा.