घरचा धंदा आणि सागराची वाट

हुपरी म्हटलें कीं चांदीचीं पैंजणें आठवतात. या गांवीं घर आणि कारखाना यांत पुष्कळदां एका भिंतीचेंच अंतर असतें. कसब बापाकडून मुलाकडे येतें. या गांवाच्या शेजारींच, कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना उभा आहे. तोहि मुळांत एका घरचाच धंदा. परंतु त्या घराचीं इंजिनें आज समुद्रावर युद्धनौका चालवितात. घरचा धंदा इतका दूर कसा जातो, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

१८८८ सालीं बेळगांवांत निघालेलें सायकलींचें दुकान रामूअण्णा किर्लोस्कर पाहत. धाकटे बंधु लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगांवीं आले व कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर बनूं लागले. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. नांगर कित्येक दिवस पडून राहिले. पुढें बेळगांवची जागाहि सोडावी लागली. तेव्हां औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडलजवळ जमीन दिली आणि १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, त्या वेळीं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर घडले.

या हकीकतींत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. संकटाच्या प्रत्येक वळणावर घराबाहेरच्या माणसानें विश्वास टाकला. आणि घरानेंहि बाहेरच्यांवर टाकला. शंभुअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे यांसारखे सहकारी कारखान्याचे आधार झाले.

१९४६ मध्यें पुण्यास ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरास विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. समुद्रावर या दोन विद्यांची खरी कसोटी लागते. जमिनीवर वीज दुरून तारेनें आणतां येते. भर समुद्रांत जहाजाला ती स्वतःच उत्पन्न करावी लागते. दिवे, पंप, सुकाणू सर्व तिच्यावर अवलंबून. शिवाय खारी हवा आणि सततचा हादरा यांपुढें कच्चें काम टिकत नाहीं. २०१४ सालीं नौदलांत दाखल झालेल्या ‘कामोर्ता’ युद्धनौकेस पुढें लोटणारीं इंजिनें फ्रेंच पिलस्टिक बनावटीचीं असून तीं किर्लोस्करांनीं परवान्यानें आपल्या देशांत बांधलीं.

याच घराण्यांतील मालमत्तेचे व नांवाचे वाद अलीकडे न्यायालयापर्यंत गेले, हेंहि सांगणें प्राप्त आहे. घराचें नांव वांटून घेतां येतें. त्या नांवामागील विश्वास मात्र वांटला कीं उणा होतो. घराघरांतून चांदी घडविणाऱ्या हुपरीनें शेजारच्या कारखान्याकडून घ्यावयाचा धडा आमच्या मतें हाच: कसब घरांत जपावें, पण दार उघडें ठेवावें.