‘रसचंद्रिके’ची भाषांतरे

मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली ‘रसचंद्रिका’ प्रसिद्ध केली. घरी कोंकणी बोलणाऱ्या आमच्या भगिनींनी ती मराठीत सिद्ध केली, तेव्हा पहिले भाषांतर तेथेच झाले म्हणावयाचे. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस पॉप्युलर प्रकाशनाने तिची इंग्रजी आवृत्ती काढली. परदेशी वाढलेल्या आमच्या नातींच्या हाती आज बहुधा तीच असते.

इंग्रजीत नारळाच्या वाटपाच्या यच्चयावत् पदार्थांस ‘करी’ म्हणून मोकळे होता येते. आमच्या आज्या मात्र फोडणीवरून नाव ठेवीत. कांद्याची असेल तर आंबट, लसणीची असेल तर कोद्देल, मोहरी-कढीलिंबाची असेल तर घशी. आणि वरून हिंगाचे पाणी व खोबरेल घातले की बेंदी. वाटप बहुतेक तेच! ही नावे इंग्रजीतही जशीच्या तशी राहावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिरफळाची अडचण निराळी. त्याच्याच प्रजातीतील चिनी फळ परदेशी सिचुआन मिरी म्हणून मिळते, म्हणून कोणी तेच सुचवितात. परंतु त्यास आमच्या तिरफळाचा वास नाही. बी काढून, टरफल किंचित ठेचून शेवटी घालावे, एवढे इंग्रजीत उतरते. फळ मात्र गावाकडून येणाऱ्याबरोबर पुडी बांधूनच मागवावे लागते.