भवानी पेठेतील घर : माळवद, माग आणि मिळकत

1852 साली स्थापन झालेल्या सोलापूर नगरपालिकेने 1872 च्या सुमारास, वाढत्या रहदारीला वाट मिळावी म्हणून, गावाच्या तटाची पूर्वेकडील बाजू समूळ पाडून टाकली आणि तुळजापूर वेशीपलीकडची जमीन गावाशी एकजीव व्हायला मोकळी झाली. तट काही फार भव्य नव्हता. घेर अडीच मैलांचा, उंची 8 ते 10 फूट, पायथ्याची रुंदी 4 ते 6 फूट. परंतु जोवर तो उभा होता तोवर गाव आपल्या अंगातच वाढत होते. आगगाडी 1860 सालीच येऊन पोचली होती. पुढील दशकात मोरारजी गोकुळदास यांची गिरणी, जी सोलापुरात जुनी मिल म्हणूनच ओळखली गेली, उभी राहिली. आणि 1901 च्या खानेसुमारीत 75,288 असलेली वस्ती 1941 पर्यंत दोन लाखांच्या पुढे गेली. या भरतीत निजामाच्या मुलखातून, विशेषतः तेलंगणातून, आलेल्या पद्मशाली विणकरांचा वाटा मोठा होता. भवानी पेठ, साखर पेठ, जोडभावी पेठ असा जो भाग सोलापूरकर आजही नुसत्या ‘पूर्वभाग’ या नावाने ओळखतात, तो मुख्यतः त्यांच्या श्रमावर वसला.

पर्यावरणाशी इमान राखून घरे बांधावीत आणि त्याच व्यवसायात आपले बस्तान बसवावे, अशी उमेद धरून आज जे तरुण स्थापत्याच्या किंवा जमीनजुमल्याच्या धंद्यात उतरतात, त्यांनी दूरदेशीची उदाहरणे पाहावीतच. परंतु त्याआधी या पूर्वभागाच्या घरांचा इतिहास नीट वाचावा, असे मला मनापासून वाटते. कारण स्थानिक माती, थोडा पाऊस, प्रखर ऊन आणि घरातच चालणारा उद्योग या चारही गोष्टींचा हिशेब त्या घरांनी एकाच वेळी मांडला होता, आणि तो हिशेब कोठे चुकला याचीही साक्ष तीच घरे देतात.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस 550 मिलिमीटरांच्या आसपास, आणि वैशाखात पारा चाळिशीच्या पलीकडे सहज जाणारा. अशा मुलखात कोकणासारखी उतरती कौले घालण्याचे प्रयोजन नव्हते; येथे रूढ झाले ते माळवद. आधी लाकडी खांब उभे करावयाचे, त्यांवर तुळया टाकावयाच्या आणि तुळयांवर कड्या. चार खांबांमधील जी जागा ती खण, आणि घर केवढे हे सांगावयाचे ते खणांच्या संख्येने. कड्यांवर फळ्यांचा किंवा लाकडाच्या चिरफळ्यांचा दाट थर, त्यावर पालापाचोळा, त्यावर तुडवून मुरवलेला चिखल आणि सर्वांत वर खारी माती, जी पहिल्या सरीने फुगते, बसते आणि पुढच्या पाण्याला आत शिरू देत नाही. पाणी एका अंगाला वाहून जावे म्हणून वरच्या थराला ओळखू न येईल इतका उतार देत आणि कडेला पन्हळी बसवीत. दीड-दोन हात रुंदीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि तोवर घरातली माणसे अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असत. यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू पुन्हा उपयोगी पडे: जुन्या घराची तुळई नव्या घरात जाई, भिंतीची माती भिजवून पुन्हा भिंतीतच घालता येई.

मात्र या छताला दर वर्षी माणसाच्या हाताची गरज असे. मृगाच्या आधी माळवदावर चढून उगवलेले गवत उपटणे, उंदरांची भोके बुजवणे, सैल झालेली जुनी माती खरवडून काढणे आणि मग नवी खारी माती पसरून धोपटणे, एवढे काम वेळच्या वेळी झाले तर ते घर दोन-तीन पिढ्या पाहात असे. यातली खरवडण्याची पायरी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

विणकराच्या घरात या सगळ्याला आणखी एक प्रयोजन येऊन मिळाले. खड्ड्याच्या मागावर विणणारा माणूस जमिनीच्या सपाटीला बसतो, त्याचे पाय खाली खड्ड्यातील पावड्यांवर असतात आणि ताणा त्याच्यापुढे जमिनीपासून हातभर उंचीवर पसरलेला असतो. सुताला ओलावा लागतो. कोरड्या हवेत धागा तटातट तुटतो. मातीची जमीन, जाड भिंती, लहान झरोके आणि खड्ड्यातून वर येणारी गारवट ओल यांमुळे सोलापूरच्या उन्हाळ्यातही घराच्या त्या एका खणात सुताला मानवेल अशी हवा टिकून राही. घर हेच येथे कारखान्याचे यंत्र होते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आणि म्हणूनच त्या घराची रचना बदलणे हा केवळ सोयीचा नव्हे, तर रोजगाराचा प्रश्न होता.

आता मिळकतीकडे वळू. स्वतःचा माग आणि स्वतःचे छप्पर असलेला विणकर हे पूर्वभागाचे संपूर्ण चित्र कधीच नव्हते. गोखले अर्थशास्त्र संस्थेने 1947 साली प्रसिद्ध केलेली रा. गो. काकडे यांची सोलापूरच्या विणकर समाजांची पाहणी ज्या काळातील आहे, त्या काळापर्यंत अनेक माग असलेल्या कारखानदाराकडे मजुरीवर विणणाऱ्यांचा वर्ग चांगलाच वाढला होता, आणि त्यांपैकी कित्येक कुटुंबे कारखानदाराच्या जागेतच राहत असत. काम सुटले की जागाही सुटावयाची. अशा बिऱ्हाडकरूने ज्या माळवदावर आपला काडीचाही हक्क नाही, त्यावर पदरची माती का टाकावी? त्याच 1947 साली मुंबई सरकारचा भाडेनियंत्रण कायदा आला. त्याने गरीब भाडेकरूला बेदखलीपासून संरक्षण दिले, हे त्याचे मोठे पुण्य; परंतु भाडे जागच्या जागी गोठल्यावर मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाडेकरूला अधिकार उरला नाही, आणि खारी मातीचा वार्षिक फेरा मधल्या मध्ये चुकू लागला. छत गळू लागले, कड्यांची टोके भिंतीत कुजली. आणि लोकांनी दोष दिला तो मातीला.

त्या दोषारोपावर शिक्कामोर्तब झाले 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8,000 माणसे गेली. ती बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदे यांच्याखाली. हादरे सोलापुरातही जाणवले, आणि त्यानंतर या साऱ्या टापूत माळवद हा शब्द भयाशी जोडला गेला. ते भय मी हलके मानीत नाही. पण तज्ज्ञांनी पडझडीची जी कारणे सांगितली ती वाचली की निराळा बोध होतो. भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या दोन फळ्या सांधणारे आरपार दगड घातलेले नव्हते, म्हणून भिंती मधोमध उकलल्या. आणि जुनी माती न काढता वर्षानुवर्षे नवी माती टाकीत गेल्याने छतांचे वजन भयंकर वाढले होते. जेथे खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा धड होता, तेथे भिंत बाहेर कोसळूनही छत खांबांवर तोललेले राहिल्याची उदाहरणे आढळली. म्हणजे मारली ती विसरलेल्या कारागिरीने; खरवडण्याची जी पायरी गळाली होती, तिने.

मधल्या काळात पेठेचे रूप पालटले होते. हातमाग जाऊन यंत्रमाग आला. त्याला खड्डा नको, पक्की जमीन हवी, आणि डोक्यावर पत्रे. शहाबादची फरशी आणि सिमेंट लोहमार्गाने जवळच होते. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने सोलापूरच्या परिसरात जमीन धारणेवर मर्यादा घातली, आणि भोवतालच्या शेतमळ्यांचे तुकडे गुंठ्या-गुंठ्याने, बहुधा कच्च्या कागदावर, विकले गेले. ते नियमात आणण्यासाठी 2001 साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘भवानी पेठ, मड्डी वस्ती’ किंवा ‘भवानी पेठ, घोंगडे वस्ती’ असा जो पत्ता आज आपण लिहितो, त्यातील पेठ आणि वस्ती ही जोडी शहराच्या या विस्ताराचीच खूण आहे.

मागाचा रोजगार आटला तसा घरोघरी स्त्रियांच्या सुपात विडीचे पान आणि तंबाखू आला, आणि याच स्त्रियांच्या हातून महाराष्ट्रातील गृहनिर्माणाचा एक विलक्षण प्रयोग सिद्धीस गेला. कामगारनेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी संस्थेने अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे 10,000 घरे उभारली. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार स्त्री असे खर्चाचे वाटेकरी, आणि 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचा ताबा दिला गेला. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आखले गेले. त्यातील 15,000 घरांचे लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. ही घरे काँक्रीटची आहेत, उन्हाळ्यात तापतात, आणि पेठेतील कामधंद्यापासून दूर आहेत, हे आक्षेप मला खरे वाटतात. तरीही, काम सुटले की छप्पर सुटावयाचे ही ज्यांच्या घराण्याची परंपरा, त्यांच्या नावाचा दस्त झाला, याचे मोल मी विटेच्या जातीहून अधिक मानतो.

व्यवसायात नव्याने उतरणाऱ्याने म्हणून राखेच्या विटा, चुन्याचा गिलावा, पावसाचे पाणी जिरवणारा खड्डा यांचा विचार अवश्य करावा. पण त्याचबरोबर दस्तऐवजांतही तितकेच लक्ष घालावे. माळवदावरील खारी मातीचे काम आता करतो तो गृहनिर्माण संस्थेचा निधी: आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के रक्कम दर वर्षी दुरुस्तीसाठी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंडासाठी जमा व्हावयास हवी. 1963 च्या सदनिका कायद्याने संस्था स्थापण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावरच टाकली आहे, आणि संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचीही. लहान इमारतीला संस्था कशाला, हा जुना बहाणाही आता चालत नाही, कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर पाच सभासदांची गृहनिर्माण संस्थाही नोंदवता येते. पूर्वभागात एखाद्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या जागी जो कोणी इमारत बांधायला घेईल, त्याने पायाच्या नकाशाबरोबरच ही नोंदणी आणि हे अभिहस्तांतरण आपल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर धरावे, आणि गाळा घेणाऱ्यानेही विसाराची रक्कम देण्याआधी ते पान मागून पाहावे.